दर वेळी ऑइल बदललं की चेंबर गळतो: कुठे बघायचं, काय करायचं

तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते. "गाडी अगदी चांगली होती. गावी यायचं म्हणून परवाच ऑइल बदलून घेतलं आणि आता खाली ठिपके पडतायत." कुणाच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, कुणाच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, कुणाला घाट चढताना जळका वास येतो. तात्पुरतं काहीतरी करून ठिपके थांबवले जातात आणि पुढच्या सर्व्हिसला पुन्हा तेच. मग माणूस गाडीवरच शंका घेतो. इंजिन थकलं, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) गेला, आता विकून टाकूया, इथपर्यंत गोष्ट जाते.

मी कुडाळला स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. गणपतीच्या आठवड्यात आणि मे महिन्यात काउंटरवर काय मागितलं जातं, त्यावरूनच रस्त्यावर काय चाललंय ते कळतं. ड्रेन नट, तांब्याचे वायसर, ऑइल फिल्टर आणि "एखादा मोठ्या साइजचा नट आहे का हो, आटे गेलेत." यातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कुठल्यातरी झटपट ऑइल चेंजच्या दुकानात, रांगेत उभं राहून, पंधरा-वीस मिनिटांत ऑइल बदललेलं असतं.

सगळीच झटपट दुकानं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी पोरं मन लावून काम करतात. पण मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असतात, काम करणारा कधी कधी महिनाभरापूर्वी लागलेला नवशिका असतो, सगळ्या गाड्यांना एकच एअर गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारं यंत्र) आणि बऱ्याचदा एकाच ड्रममधलं ऑइल. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे काम झाल्यावर गाडी दहा मिनिटं उभी ठेवून खाली वाकून बघायला कुणाला वेळ नसतो. ऑइल बदलणं सोपं काम आहे हे खरंच. पण इंजिनातल्या प्रत्येक फिरत्या भागाचा जीव त्या ऑइलवर असतो, म्हणून त्यातली छोटी चूकही महाग पडते. आणि आपल्याकडे रस्ता कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे. मुंबईहून सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये कशेडी, परशुराम, आणि कोल्हापूरकडून आलात तर करूळ, फोंडा नाहीतर आंबोली. पनवेलला सैल राहिलेला नट पनवेलला त्रास देत नाही, तो रात्री दोन वाजता राजापूरच्या अलीकडे देतो.

आधी ठिपका बघा

गळती आहे की नाही, हे आधी नक्की करा. आंब्याच्या पेटीचा कोरा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली सरकवा आणि पुढचं चाक कुठे आहे ती खूण पुठ्ठ्यावर करा. सकाळी ठिपका कुठे आहे, केवढा आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, या तीन गोष्टींत अर्धं निदान होतं.

नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. कोकणातल्या दमट हवेत एसी भरपूर पाणी टाकतो, त्यासाठी घाबरून गॅरेजला येणारे कमी नाहीत. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारं पाणी असेल तर ते कूलंट, तो वेगळा विषय. मधासारखा सोनेरी ठिपका म्हणजे नुकतंच भरलेलं इंजिन ऑइल. काळा ठिपका असेल तर मात्र थोडं थांबा. जुना फिल्टर खोलताना त्यातलं काळं ऑइल सांडतं, खालच्या प्लास्टिकच्या शील्डवर साठतं आणि दोन दिवस ठिबकत राहतं. असा काळा ठिपका रोज लहान होत जात असेल तर ती गळती नाही, ते पुसायचं राहिलेलं सांडलेलं ऑइल आहे. सोनेरी ठिपका रोज तेवढाच राहिला किंवा वाढला तर ती खरी गळती.

गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे ढकललं जातं, म्हणून जिथे ओलं दिसतं तिथेच दोष आहे असं धरू नका. खालचा भाग स्वच्छ पुसून, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून पुन्हा बघा. ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधा. पावसात तर ठिपका राहतच नाही, अंगणातल्या डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो तेवढाच. त्या दिवसांत गाडी पडवीत किंवा शेडमध्ये उभी करून पुठ्ठ्याची परीक्षा घ्या.

ड्रेन नट: बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं

चेंबरच्या तळाला जो नट काढून जुनं ऑइल सोडतात, त्याखाली एक वायसर असतो. तो तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, काही गाड्यांत रबराची कड असलेला. त्याचं काम दाबलं जाऊन चपटं होणं आणि नट व चेंबर यांच्यामधली बारीकशी फट बुजवणं. एकदा चपटा झालेला वायसर दुसऱ्यांदा तसा दाबला जात नाही. म्हणून प्रत्येक ऑइल बदलाला नवा वायसर हवा. किंमत किरकोळ. पण झटपट दुकानात प्रत्येक गाडीचा वायसर ठेवलेला नसतो, मग तोच जुना परत लागतो, आणि तो गळतो म्हणून नट आणखी आवळला जातो. गळतीची जी साखळी वर्षानुवर्षं चालते तिची सुरुवात इथे होते.

कारण आजच्या बऱ्याच गाड्यांचा चेंबर ॲल्युमिनियमचा आहे आणि नट लोखंडाचा. एअर गनने तो नट धाडकन आवळला की नटाला काही होत नाही, चेंबरमधले आटे ओढले जातात. पहिल्या वेळी कळत नाही. दुसऱ्या वेळी नट किंचित ढिला लागतो, म्हणून आणखी जोर लावला जातो. तिसऱ्या वेळी नट फिरतच राहतो, आवळला जात नाही. त्या दिवशी तुम्हाला सांगतात, "साहेब, चेंबर गेला." चेंबर त्या दिवशी गेलेला नसतो, तो आधीच्या दोन खेपांत गेलेला असतो. आणि त्या खेपा वेगवेगळ्या दुकानांत झाल्या असतील तर जबाबदार कुणालाच धरता येत नाही.

नट लावायची बरोबर रीत अशी. नट आणि त्याची बसायची जागा कापडाने पुसायची. नवा वायसर घालायचा. नट आधी हाताने, फक्त बोटांनी, निदान चार-पाच फेरे आत जायला हवा. पहिल्याच फेऱ्याला अडत असेल तर तो तिरका लागलाय, तिथे पान्याने जोर केला की आटा चढलाच. हाताने पूर्ण बसल्यावर टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळायचा. छोट्या-मध्यम गाड्यांत हे माप साधारण २५ ते ४० न्यूटन मीटर असतं, म्हणजे साध्या रिंग पान्याला एका हाताने दिलेला बेताचा ओढा. दोन पाय रोवून ओढायचं काम नाही हे.

किनारपट्टीवर यात आणखी एक भर पडते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा नट गंजून बसतो. घाईत त्याला चुकीच्या मापाचा पाना लावला की डोक्याच्या कडा गोल होतात, मग पुढच्या वेळी छिन्नी आणि हातोडी निघते. ज्यांचा चेंबर पत्र्याचा आहे त्यांनी तर पावसाळा संपल्यावर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावं आणि चेंबरचा पत्रा कुठे फुगलाय का ते बघावं. गंजाची पापडी निघाली की खाली सुईएवढं भोक सापडतं, आणि मग वायसर कितीही बदला, ठिपका राहतोच. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी फिरवणाऱ्या पाहुण्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ते करू नका, आणि केलंच तर त्याच दिवशी खालून धुवा.

आता आटे गेलेच असतील तर? मोठ्या साइजचा, स्वतःच आटे पाडत जाणारा नट हा गावापर्यंत पोचायचा उपाय आहे, कायमचा नाही. तो ॲल्युमिनियम आणखी कुरतडतो आणि त्याचा चुरा आत पडतो. नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा बाहेरून एम-सीलचा गोळा थापणं याला मी उपाय म्हणतच नाही. गरम ऑइलपुढे ते किती टिकेल याचा भरवसा नाही, आणि टेपचा तुकडा आत गेला तर ऑइलच्या गाळणीवर जाऊन बसतो. नीट दुरुस्ती म्हणजे टर्नरकडून किंवा चांगल्या गॅरेजमध्ये आट्यांत स्टीलची स्प्रिंग-वजा अस्तरपट्टी बसवून घेणं, ज्याला मेस्त्री लोक हेलिकॉइल म्हणतात. ते नीट बसलं तर मूळच्या ॲल्युमिनियम आट्यांपेक्षा मजबूत होतं. चेंबरला चीर गेली असेल तर मात्र नवा चेंबर घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

फिल्टर

नटाकडून ओल नसेल तर फिल्टर बघा. डब्यासारखा फिल्टर काढताना कधी कधी त्याची जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते. घाईत ती दिसत नाही आणि नवा फिल्टर नव्या रिंगसह तिच्यावर चढवला जातो. दोन रिंगा एकावर एक. इंजिन चालू केल्यावर सुरुवातीला सगळं ठीक दिसू शकतं. मग रेस वाढली, ऑइलचा दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि मोठी धार लागते. ठिपका नाही, धार. चेंबर रिकामा व्हायला काही मिनिटं पुरतात. माझ्या मते ऑइल बदलातली सगळ्यात धोकादायक चूक हीच आहे, कारण ती भर रस्त्यात उघड होते. म्हणून जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडावर रिंग आहे ना, हे स्वतः बघा. एवढं एक बघितलं तरी पुष्कळ.

नवा फिल्टर लावताना रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि मग साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. पान्याने आवळलेला फिल्टर रिंग फाडतो आणि पुढच्या वेळी निघतही नाही. ज्या गाड्यांत प्लास्टिकच्या टोपणात कागदी फिल्टर असतो, तिथे टोपणाची ओ-रिंग बदलली का ते विचारा. ती फिल्टरच्या खोक्यात सोबत येते आणि बऱ्याच वेळा खोक्यातच राहते.

ऑइल बदलल्यापासून सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर स्वस्त फिल्टरवर संशय घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती रात्रभर ऑइल अडवून धरते. ती नसली की ऑइल खाली उतरतं आणि सकाळी इंजिन क्षणभर कोरडं फिरतं.

घाटाच्या वळणावर लाल दिवा लुकलुकतो

हे लक्षण सरळ रस्त्यावर सापडत नाही, म्हणून मैदानी भागातला माणूस गोंधळतो. चेंबरमध्ये ऑइल ओढून घेणारी जाळी तळाशी एका जागी असते. ऑइल कमी असलं की तीव्र वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दिवा क्षणभर लागतो, गाडी सरळ झाली की विझतो. आंबोलीच्या चार वळणांत चार वेळा दिवा लागला आणि माथ्यावर आल्यावर सगळं ठीक झालं, तर वायर ढिली आहे असं समजू नका. ऑइल कमी आहे. एकतर भरतानाच कमी भरलंय, नाहीतर वाटेत गळून गेलंय.

तो लाल दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब गेला हे सांगतो. म्हणजे त्या क्षणी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाहीये. टर्बो असलेल्या गाडीत तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी दांडी फक्त ऑइलच्या पडद्यावर तरंगत असते. "पुढच्या गावापर्यंत नेऊ" हा विचार करू नका. गाडी कडेला, इंजिन बंद, पार्किंगचे दिवे चालू, चाकाला दगड.

मग गाडी शक्य तितक्या सपाट जागी असताना पाच-दहा मिनिटं थांबून ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) बघा. आमच्याकडचे एक जुने मेस्त्री घाई करणाऱ्या पोरांना नेहमी सांगतात, "वाईच दम धर. त्याल खाली उतरांदे, मगे पट्टी बघ." पट्टी एकदा पुसायची, पूर्ण आत घालायची, मग वाचायची. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि खाली धार दिसत नसेल, तर डिकीतलं ऑइल भरा, खुणेत आणा आणि हळू चालवत पहिल्या गॅरेजपर्यंत जा, मध्ये दोनदा थांबून पट्टी बघत. पट्टीवर ऑइल बरोबर असूनही दिवा विझत नसेल, किंवा खाली धार असेल, तर इंजिन चालू करू नका. टोचन करून न्या. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोरीने ओढू नका, चाकं उचलणारी किंवा पूर्ण गाडी वर घेणारी गाडी मागवा. करूळसारख्या घाटात काही ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून त्याच ग्रेडचं लिटरभर ऑइल डिकीत ठेवणं हा माझा सगळ्यांना आग्रह आहे.

उलटही होतं. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, तो दिवा लागलाच पाहिजे. ऑइल बदलल्यापासून तो लागतच नसेल तर दाब मोजणाऱ्या स्विचची वायर निघाली असेल. बऱ्याच इंजिनांत तो स्विच फिल्टरच्या शेजारीच असतो आणि फिल्टर काढताना हात लागून वायर सुटते. गाडी चालते, पण इशारा देणारं कुणी उरलेलं नसतं.

जास्त ऑइल

छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं. डबा मात्र चार लिटरचाही येतो. "साहेब, पूर्ण डबा टाकला, काही ठेवला नाही," असं प्रामाणिकपणे सांगणारा पोरगा तुमचं नुकसान करून गेलेला असतो. खुणेच्या फार वर गेलेल्या ऑइलात क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) फिरते, फेस होतो, फेसाळ ऑइलचा दाब टिकत नाही. जास्तीचं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून हवेच्या मार्गात जातं आणि जळतं, तो निळा धूर. डिझेल इंजिन तर स्वतःचंच ऑइल पिऊन चावी बंद केल्यावरही पळत सुटू शकतं. वरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्त दिसलं तर गाडी चालवत राहू नका. पट्टीच्या नळीतून सिरिंज आणि बारीक पाइपने जास्तीचं काढून घेता येतं, नट खोलायचीही गरज नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बीएस-६ (धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या) गाडीत ऑइल बदलल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली, तर दुकानाने जास्त भरलं असं लगेच म्हणू नका. रोज बाजार आणि घर एवढंच फिरणं असेल तर सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणाऱ्या धुराच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहते आणि त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. हा फरक ओळखायचा सोपा मार्ग आहे: बदललं त्या दिवशी पट्टीचा फोटो काढून ठेवणं.

काढलं काय आणि भरलं काय

ऐकायला विचित्र वाटेल, पण चुकीचा नट खोलला जातो. सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) किंवा दुसऱ्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचा नट इंजिनाच्या नटाजवळच दिसतो. गिअरबॉक्सचं ऑइल खाली आणि इंजिनात जुन्यावर नवं. ट्रेमध्ये पडणारी धार बघा. वापरलेलं इंजिन ऑइल काळं किंवा गडद तपकिरी असतं. लालसर, हिरवट, जवळजवळ पारदर्शक धार दिसली की तिथेच "थांबा" म्हणा. नंतर कळलं तर लक्षणं अशी: पट्टीवर दुप्पट ऑइल, गाडी ओढत नाही, हादरते, गिअरबॉक्समधून घूं असा आवाज. त्या अवस्थेत एक किलोमीटरही चालवू नये.

ऑइलच्या ग्रेडबद्दल तर रोज ऐकतो: "घाटात चालवता ना, मग जाडच टाका." ५ डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावरची जाडी. ज्या इंजिनाला कंपनीने ० डब्ल्यू-२० सांगितलंय, त्याच्या बेअरिंगमधल्या फटी आणि व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा त्या पातळपणावर बेतलेली असते. तिथे २० डब्ल्यू-५० घालणं ही घाटाची काळजी नाही. ग्रेड पुस्तिकेत असतो, कित्येक गाड्यांत ऑइल भरायच्या टोपणावरच लिहिलेला असतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असेल तर कमी राख करणारं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए (ऑइलचं युरोपियन मानक) सी२ किंवा सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं, नेमकं कोणतं ते पुस्तिकेत. ड्रममधलं साधं डिझेल ऑइल टाकलं तर काजळी जळते पण राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठतच जाते. तो फिल्टर बदलायचा खर्च ऐकून लोक खुर्चीवर बसतात.

सुटं ऑइल मी स्वतःच्या गाडीत घालणार नाही. सीलबंद डबा, तुमच्यासमोर फोडलेला, आणि रिकामा डबा परत तुमच्या हातात. तो घरी नेऊन कापून टाका, कारण चांगल्या कंपनीचा रिकामा डबा पुन्हा भरणारे लोक आहेत. कधीही चांगलं म्हणजे डबा आणि फिल्टर तुम्हीच अधिकृत विक्रेत्याकडून बिलावर घ्या.

इंजिन फ्लशचा (इंजिन आतून धुणाऱ्या रसायनाचा) आग्रह झाला तर नको म्हणा. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात तो साचलेला चिखल एकदम सोडवून जाळीवर नेऊन बसवतो.

दुचाकीचं थोडक्यात: गिअरच्या बाईकला डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल, बिनगिअरच्या स्कूटरला बहुधा एमबी. कारचं उरलेलं ऑइल बाईकमध्ये घातलं की क्लच घसरायला लागतो आणि लोक क्लचप्लेट बदलत बसतात.

दुकानातून निघण्यापूर्वी

ऑइल प्रवासाच्या आदल्या दिवशी बदलू नका. आठवडाभर आधी बदला, गावातल्या गावात पन्नास-शंभर किलोमीटर फिरवा, पुठ्ठा ठेवून बघा, मग निघा. या एका सवयीने गणपतीतल्या माझ्या काउंटरवरची अर्धी गर्दी कमी होईल, आणि होऊ दे.

दुकानात गाडीजवळ उभे राहा. बाहेर चहाला जाऊ नका. नवा वायसर, जुन्या फिल्टरची रिंग, ट्रेमधल्या धारेचा रंग, डब्याचं सील, हे डोळ्यांनी बघा. एअर गन नट सोडवायला चालेल, आवळायला नको, हे आधीच सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे. ऑइल भरल्यावर इंजिन सुरू न करताच पट्टी दाखवतात, ती धरू नका. नवा फिल्टर तोवर रिकामा असतो. मिनिटभर चालू करा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग पट्टी बघा, कमी झालं असेल तेवढं भरून घ्या. याच वेळी खाली वाकून नट आणि फिल्टर कोरडे आहेत का ते टॉर्चने बघा. खालची शील्ड परत लावली का, तिच्या सगळ्या क्लिपा आहेत का, तेही. दोन क्लिपांवर लोंबणारी शील्ड पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरला निम्मी तुटते.

नुकसान झालंच असेल तर

इंजिन बंद ठेवा आणि दुसऱ्या कुणाला ते खोलू देण्यापूर्वी पुरावा जमवा. मीटरवरचे किलोमीटर, पट्टी, ठिपका, नट, फिल्टर यांचे फोटो. पक्कं बिल, ज्यावर ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा नंबर आणि किलोमीटर लिहिलेत. हे बिल आधीच मागून घ्यायचं असतं. "दादा, किलोमीटर टाका ना त्यावर" एवढंच म्हणायचं. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करून घेण्याच्या अटी पुस्तिकेत आधी वाचून ठेवा. दुकानाला लगेच लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर कळवलं तरी नोंद राहते. मग दुसऱ्या जाणत्या मेस्त्रीकडून किंवा सर्व्हिस सेंटरकडून दोष काय आणि कशामुळे, हे लेखी घ्या. तोंडी "त्यांनीच घाण केली" याचा कुठे उपयोग होत नाही.

दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे काम पनवेलला झालं असलं तरी सिंधुदुर्गातल्या माणसाला ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, अर्ज देता येतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते, पण गाडी खोलून दुरुस्त झाली की पुरावाही गेला, म्हणून फोटो आणि लेखी अहवाल पहिल्या आठवड्यातच हातात असू द्या.